सूर्यास्तापूर्वीचे ताट

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील बहुतेक रस्ते आजही नावाने नव्हे, तर क्रमांकाने ओळखले जातात. रोड नंबर सोळा, रोड नंबर बावीस असा पत्ता सांगितला की टेम्पोवाला नेमका गाळ्यासमोर येऊन उभा राहतो. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि तत्कालीन मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखाली त्याचा प्रारंभाचा समारंभ याच वसाहतीत झाला. त्यानंतरच्या दशकांत राज्याच्या कानाकोपऱ्यातून अनेक कुटुंबे येथे उद्योग-व्यापारासाठी आली. सांगली जिल्ह्यातून आलेले असेच एक जैन कुटुंब गेली कित्येक वर्षे येथे नट, बोल्ट आणि वायसर यांचा व्यापार करीत आहे.

या गाळ्याचे आजचे मालक साठीच्या उंबरठ्यावर आहेत. गाळ्यातील माणसे त्यांना अण्णा म्हणतात. पाचपाखाडीतील ज्या इमारतीत ते राहतात, तेथील लहानथोर त्यांच्या पत्नीस काकू म्हणतात. गाळा आणि घर यांच्यातील अंतर स्कूटरने जेमतेम दहा मिनिटांचे. तरीही डिसेंबर १९९४ मध्ये विवाह झाल्यापासून पुढील तीस वर्षांत या दोघांनी संध्याकाळचे जेवण एकत्र घेतल्याचे प्रसंग बोटांवर मोजावे एवढेच होते.

त्याचे कारण भांडण नव्हते. काकूंनी लग्नानंतरच्या पहिल्याच दशलक्षण पर्वात सासूबाईंसोबत रात्रिभोजनत्यागाचा नियम घेतला. सूर्यास्ताच्या दोन घटिका, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे आधी त्यांचे जेवण होत असे. अण्णांचा दिवस मात्र त्याच वेळी ऐन भरात येई. कारखान्यांची दुसरी पाळी सुरू झाली की तातडीच्या मागण्या येत, सहानंतर वसुलीचे फोन लागत, आठला चलने जुळवायची, नऊला शटर खाली. घरी येऊन हातपाय धुऊन पाटावर बसेपर्यंत दहा वाजत. काकू गरम पोळ्या करून वाढीत आणि समोर बसून राहत. चातुर्मासात अण्णांनी दोनदा नियम घेतला, दोन्ही वेळा तो वसुलीच्या धावपळीत मोडला, आणि नंतर त्यांनी तो घेणेच सोडून दिले. सासूबाई होत्या तोवर काकूंना संध्याकाळच्या ताटाला सोबत होती. त्या गेल्यावर तीही उरली नाही. व्यापारी घरांत हे इतके सर्रास आढळते की त्यात काही उणे आहे, असे कोणास वाटतही नाही.

विवाहाच्या तिसाव्या वर्षी मुलांनी ठरविले की आईवडिलांना कुठेतरी समुद्रापलीकडे पाठवायचे. डोंबिवलीस दिलेल्या लेकीने मालदीवची छायाचित्रे आणली. एकेका बेटावर एकेकच हॉटेल, पाण्यावर बांधलेल्या खोल्या, निळे-हिरवे पाणी. मुलाने खर्चाचा हिशेब मांडला. मग लक्षात आले की दोघांकडेही पासपोर्ट नाही. ठाण्याचे पासपोर्ट कार्यालय वागळे इस्टेटमध्येच आहे. त्याच्या दारातील रांग अण्णा वर्षानुवर्षे स्कूटरवरून पाहत आले होते, पण त्या रांगेत आपणही कधी उभे राहावे, असे त्यांच्या मनात आले नव्हते. श्रावकाच्या व्रतांमध्ये दिग्व्रत आहे, दाही दिशांना आपल्या जाण्यायेण्याची मर्यादा ठरवून घ्यायची. अण्णांनी ते न घेताच पाळले होते. उत्तरेला भिवंडी, दक्षिणेला मशीद बंदर, आणि वर्षातून एकदा सांगलीकडचे गाव.

शेवटी अंदमान ठरले. पासपोर्ट लागत नाही, देश आपलाच, आणि मराठी माणसाला ते नाव परके नाही. अण्णांनी होकार दिला, पण त्यांचे चित्त ठिकाणावर नव्हते. गाळा ज्या इमारतीत आहे ती पाडून तेथे कचेऱ्यांची काचेरी इमारत उभारण्याचा प्रस्ताव विकासकाने ठेवला होता. वसाहतीतील कित्येक कारखान्यांचे असेच झाले आहे. मुलाचे म्हणणे होते की मिळणाऱ्या पैशातून भिवंडीस मोठे गोदाम घ्यावे, धंदा तिप्पट करावा आणि पहिली काही वर्षे अण्णांनी स्वतः तेथे बसावे. उत्तर देण्यास महिनाअखेरपर्यंतची मुदत होती. काकूंना प्रस्तावाची कल्पना होती, पण त्यांचे मत काय, हे कोणी विचारले नव्हते. त्यांनीही ते सांगितले नव्हते.

डिसेंबर २०२४ च्या दुसऱ्या आठवड्यात दोघे निघाले. पहाटे ठाणे सोडून, चेन्नईस विमान बदलून, दुपारी ती दोघे अंदमानच्या राजधानीत उतरली. या शहराचे पोर्ट ब्लेअर हे नाव त्याच वर्षीच्या सप्टेंबरात बदलून श्री विजयपुरम झाले होते. विमानतळाला वीर सावरकरांचे नाव आहे. काकूंच्या सामानात एक पिशवी केवळ खाण्याची होती. ज्वारीच्या कडक भाकरी, शेंगांची चटणी, मुगाची डाळ, थोडे तूप, एक लहान कुकर आणि एक पातेले. वाटेत कोणाकडे मागावे लागू नये, एवढाच त्यामागील विचार.

पहिल्याच संध्याकाळी घोटाळा झाला. प्रवासाच्या शिणाने काकू घटकाभर पडल्या. ठाण्यात त्या दिवसांत त्या पाचच्या सुमारास ताट घेतात, या हिशेबाने पावणेपाचला उठल्या, तोंड धुतले, खिडकीचा पडदा सरकविला. सूर्य समुद्राला टेकला होता. पाचाच्या काट्याबरोबर तो दिसेनासा झाला आणि पाहता पाहता अंधारून आले.

घड्याळ बरोबर होते, चूक सूर्याचीही नव्हती. सबंध भारताची एकच प्रमाणवेळ आहे आणि ती ८२.५ अंश पूर्व रेखांशावर बेतलेली आहे. ठाणे त्या रेषेच्या साडेनऊ अंश पश्चिमेस, तर अंदमान दहा अंश पूर्वेस. पृथ्वीला एक अंश फिरण्यास चार मिनिटे लागतात. त्यामुळे ऋतूप्रमाणे दिवस लहानमोठा होण्याचा फरक धरूनही डिसेंबरात अंदमानचा सूर्य ठाण्याच्या तासभर आधी मावळतो. आसामातील चहामळ्यांनी याच अडचणीवर उपाय म्हणून आपली घड्याळे तासभर पुढे ठेवण्याची प्रथा पाडली, तिला बागान वेळ म्हणतात. जैन यात्रेकरूंसाठी मात्र यातील धडा साधा आहे. अंदमानास जाताना आपल्या गावचे पंचांग घरी ठेवावे आणि तेथील सूर्यास्ताची वेळ आधी पाहून घ्यावी.

“आज राहू दे,” काकू म्हणाल्या आणि पाणीही न घेता पडून राहिल्या. आठ वाजता अण्णा खाली भोजनगृहात गेले. डाळभात मागविला. आजूबाजूच्या प्रत्येक मेजावर कोणी ना कोणी जोडीने बसले होते. समोरची खुर्ची रिकामी, बोलायला कोणी नाही, पोळी गरम आहे का, असे विचारणारेही कोणी नाही. चार घास खाऊन ते उठले. खोलीत आले तेव्हा काकू झोपल्या होत्या. एकट्याने जेवताना अन्न लवकर संपते, हे त्या रात्री त्यांच्या प्रथमच ध्यानात आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघे सेल्युलर जेल पाहण्यास गेले. १८९६ ते १९०६ या काळात इंग्रजांनी बांधलेला हा तुरुंग. मधल्या मनोऱ्यापासून चाकाच्या आऱ्यांसारखे निघणारे सात पाखे, त्यांत सहाशे नव्वदहून अधिक एकांत कोठड्या. सातांपैकी आज तीन पाखे उभे आहेत. बांधणी अशी की एका पाख्याच्या कोठड्यांचे तोंड पुढच्या पाख्याच्या पाठीकडे. कोणी कोणास पाहू नये, खूण करू नये. कैद्यांना कोलूला जुंपून दिवसाकाठी तीस पौंड खोबरेल काढावे लागे, हे तेथील मार्गदर्शकाने सांगितले तेव्हा अण्णांनी व्यापाऱ्याच्या सवयीने मनात किलो केले. साडेतेरा किलो. म्हणजे किराणा दुकानातला तेलाचा डबा जवळजवळ भरत आला. एका माणसाने, एका दिवसात, बैलाच्या जागी.

गणेश आणि विनायक हे सावरकर बंधू एकाच तुरुंगात होते आणि तरी दीर्घ काळ त्यांची भेट झाली नव्हती, हे दोघांनी लहानपणापासून ऐकले होते. काकूंनी मार्गदर्शकास वेगळेच विचारले. “त्यांच्या बायका? त्या कुठे होत्या?” त्याला फारसे सांगता आले नाही. काकूंना मात्र ठाऊक होते. बाबाराव काळ्या पाण्यावर असतानाच त्यांच्या पत्नी येसूवहिनी नाशिककडे वारल्या. पतीची पुन्हा भेट त्यांच्या नशिबी नव्हती. १९२१ मध्ये दोघे भाऊ भारतभूमीवर परत आणले गेले, तेव्हा त्या वाट पाहणाऱ्यांत उरल्या नव्हत्या. काकू कोठडीच्या गजांना हात लावून काही वेळ उभ्या राहिल्या. त्या थोरांच्या दुःखाशी आपल्या संसाराची तुलना करण्याइतके भाबडे दोघांपैकी कोणी नव्हते. तरीही बाहेर पडताना अण्णा नेहमीप्रमाणे चार पावले पुढे चालले नाहीत, थांबून बरोबर चालले.

दुपारच्या जहाजाने ती दोघे स्वराज द्वीपाकडे निघाली. पूर्वीचे नाव हॅवलॉक, एका इंग्रज सेनापतीचे. नेताजींनी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकविला त्याला ३० डिसेंबर २०१८ रोजी पंचाहत्तर वर्षे झाली, त्या दिवशी या बेटाचे नाव बदलण्यात आले. अंदमान-निकोबारच्या शेकडो बेटांपैकी माणसांची वस्ती असलेली बेटे चाळिसांहूनही कमी आहेत. स्वराज द्वीप त्यांतील एक. येथील गावे १९५० च्या दशकात पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासित कुटुंबांनी वसविली. गोविंदनगर, राधानगर, श्यामनगर, कृष्णनगर ही नावे त्यांनीच आपल्यासोबत आणली.

आदल्या दिवसाचा अनुभव ताजा होता. साडेतीन वाजता काकूंनी जहाजावरच पिशवी उघडली. कागदावर दोन भाकरी, चटणी, वर तूप. अण्णांना भूक नव्हती, पण आदल्या रात्रीची रिकामी खुर्ची आठवून तेही बसले. समुद्र शांत होता. अण्णांनी भाकरी कडाकडा मोडून खाण्यास सुरुवात केली. काकूंनी मात्र आपल्या भाकरीचे बारीक तुकडे केले, त्यांवर पाण्याचा हबका मारला, मऊ होऊ दिले आणि एकाच बाजूने सावकाश चावू लागल्या.

“असं का खातेस?”

“डावीकडच्या दाढा नाहीत ना.”

“नाहीत म्हणजे?”

“काढल्या. चार वर्षं झाली. नंतर बसवायच्या होत्या, ते राहिलंच.”

दातांच्या डॉक्टरांचे बिल अण्णांनी दिले होते. रक्कमही त्यांना आठवली. दाढा दुखत होत्या, हेही कोणीतरी सांगितल्याचे आठवले. पण त्यानंतर चार वर्षे ही बाई एका बाजूने जेवते आहे, भाकरी भिजवून खाते आहे, हे त्यांना ठाऊक नव्हते. ठाऊक होणार तरी कसे? त्यांनी तिला जेवताना पाहिलेच नव्हते. ती वाढणारी होती, ते जेवणारे. दोन हजार किलोमीटरहून अधिक प्रवास करून, भर समुद्रात, त्यांनी ते प्रथम पाहिले.

स्वराज द्वीपावर त्यांनी मोठे हॉटेल घेतले नव्हते. नारळी-पोफळींच्या बागेत सहा खोल्यांचा एक साधा निवास होता, एका बंगाली बाईंनी चालविलेला. तेथे बहुतेकांचे जेवण माशांचे. काकूंनी आपला कुकर आणि पातेले बाईंपुढे ठेवले आणि हिंदीतून आपली अडचण सांगितली. कांदा-लसूण नको, जमिनीखालचे काही नको, भांडी ही वापरा, आणि मुख्य म्हणजे चार वाजता ताट हवे. बाई हसल्या. त्यांच्याही घरी आजी विधवापणी कांदा-लसूण वर्ज्य करून निराळ्या चुलीवर रांधीत असे. त्यांनी मागील पडवीत वेगळी शेगडी लावून दिली. मुगाची डाळ, भात, कच्च्या केळ्यांची भाजी, तांबडा भोपळा, ओला नारळ. त्या चार दिवसांत याहून वेगळे फारसे मिळाले नाही आणि त्याची उणीवही भासली नाही. निवासातील पोरे त्यांना ‘चार बजेवाले’ म्हणू लागली.

चार वाजता जेवण होते म्हणजे पुढची संध्याकाळ मोकळी होते. हे साधे गणित अण्णांना नवे होते. पहिल्या दिवशी ते अस्वस्थ झाले. बेटावर फोनची रेघ येई आणि जाई. हाताला काम नाही, समोर हिशेबाची वही नाही. दोघांचे बोलणे मुलगा, लेक, नातू, गावाकडचे घर एवढ्यावर येऊन दहा मिनिटांत संपले. तीस वर्षांच्या संसारात बोलायचे सारे व्यवहारापुरते उरले आहे, ही जाणीव सुखाची नव्हती. अण्णा उठून धक्क्यावर फिरून आले आणि उत्साहाने सांगू लागले, “कठड्याचे बोल्ट पार गंजलेत. खाऱ्या हवेत साधं लोखंड टिकत नाही. इथे तीनशेसोळाचं स्टील पाहिजे, तीनशेचारनंही भागणार नाही.” काकू मोठ्याने हसल्या. “इथेही बोल्टच दिसले का?” मग अण्णाही हसले. कितीतरी दिवसांनी.

काकूंनाही एक मौज सापडली होती. या बेटावरील किनारे आजही क्रमांकांनी ओळखले जातात. तीन नंबरचा किनारा, पाच नंबरचा किनारा. राधानगरचा प्रसिद्ध किनारा म्हणजे सात नंबर. “आपलं वागळे इस्टेटच आहे,” त्या म्हणाल्या. “रोड नंबर सातला चला म्हणावं रिक्षावाल्याला.”

सात नंबरचा तो किनारा सुमारे दोन किलोमीटर लांब, पश्चिमाभिमुख आणि स्वच्छ आहे. किनाऱ्यांच्या स्वच्छतेसाठी दिला जाणारा आंतरराष्ट्रीय निळा ध्वज त्याला २०२० मध्ये मिळाला. मागे उंच वृक्षांची गर्द राई, पुढे पिठासारखी पांढरी वाळू. वाळूवर शेकडो लहान शंख पडलेले. काकूंनी नातवासाठी म्हणून एक उचलला. तळहातावर काही क्षण गेले आणि शंखातून बारीक पाय बाहेर आले. आत खेकडा होता. या जातीच्या खेकड्याला पोटावर कवच नसते. दुसऱ्या प्राण्याने मागे टाकलेल्या शंखात तो बिऱ्हाड करतो आणि वाढू लागला की मोठा शंख शोधतो. म्हणजे रिकामा दिसणारा शंखही कोणाचे उद्याचे घर असते. शंख-प्रवाळ बेटाबाहेर नेण्यास कायद्याने मनाई आहे आणि विमानतळावर सामानाची तपासणी होते, हे काकूंना नंतर कळले. त्यांना त्या मनाईची गरज पडली नाही. त्यांनी वाकून शंख होता तेथेच ठेवला आणि तो चालू लागेपर्यंत उभ्या राहिल्या. अण्णाही उभे राहिले. गाळ्यात गिऱ्हाइकाला इतका वेळ त्यांनी क्वचितच दिला असेल.

तिसऱ्या दिवशी, चारचे जेवण आटोपून, ती दोघे त्याच किनाऱ्यावर बसली होती. सूर्य खाली येत होता. अण्णांनी भिवंडीचा विषय काढला. गोदामाचे क्षेत्रफळ, भाडे, मालाची उलाढाल, मुलाची योजना सगळे सविस्तर सांगितले. काकूंनी मध्ये न बोलता ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला.

“तिथून घरी यायला किती वाजतील?”

रस्त्याची रहदारी पाहता अकरा वाजतील, हे अण्णांना माहीत होते. आकडे त्यांनी बरेच मांडले होते, हा आकडा मांडला नव्हता. ते गप्प राहिले. थोड्या वेळाने काकूच बोलल्या, नेहमीच्या शांत आवाजात, तक्रारीचा सूर न लावता.

“लग्न झाल्यावर पहिली दोन वर्षं मी रोज संध्याकाळी दोन ताटं काढत होते. एक सासूबाईंना वाढल्यावर, आपली दोघांची. वाटायचं, आज तुम्ही वेळेत याल. मग सासूबाई म्हणाल्या, अगं, उगाच धुवायला भांडं होतं. तेव्हापासून एकच काढते. हाताला सवय झाली. तुमचं काही चुकलं असं नाही म्हणत मी. धंदा केला नसता तर मुलं शिकली नसती. पण आता मुलं शिकली आहेत.”

सूर्य बुडाला. वर शुक्ल पक्षातला चंद्र आधीच आलेला होता. मार्गशीर्षातले चांदणे वाळूवर उतरले. मंडळी पांगू लागली, किनारा रिकामा होऊ लागला. अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. व्यापारी माणूस देणे मान्य करतो तेव्हा लगेच बोलत नाही, आधी मनात खाते उघडून पाहतो. मग ते म्हणाले, “उद्याच्या ताटाला मी वाढतो.” दुसऱ्या दिवशी चार वाजता त्यांनी खरोखरच पातेल्यातून भात वाढला. भात बराच सांडला. काकूंनी सांडलेले शीत न् शीत वेचून घेतले, पण बोलल्या काही नाहीत.

विश्रांती म्हणजे काय, याची कल्पना व्यापारी कुटुंबांत बहुधा पुसटच असते. दुकान बंद असलेला दिवस म्हणजे सुट्टी, आणि त्या दिवशीही लग्नकार्ये, यात्रा, नातेवाइकांचे येणेजाणे उरकायचे असते. पतिपत्नींनी दोघांनीच चार दिवस कोठे जावे, याला आपल्याकडे चैन म्हणतात आणि भोगोपभोगाला मर्यादा असावी असे मानणाऱ्यांना ते खटकतेही. पण या दोघांनी बेटावर जे भोगले त्याचा हिशेब मांडला तर काय निघते? डाळभात, भोपळा, चांदणे आणि एकमेकांसमोर बसण्याचा वेळ. यातील कोणतीच गोष्ट ठाण्यात दुर्मीळ नव्हती. वेळसुद्धा होताच, तो दुसऱ्या खात्यावर खर्ची पडत होता. बेटाने एवढेच केले की सूर्य तासभर आधी मावळवून हिशेबातील ती चूक नजरेस आणून दिली.

परतल्यावर घरात आठवडाभर चर्चा झाली. मुलाला वाईट वाटले, थोडे तीव्र शब्दही गेले. अखेर असे ठरले की विकासकाचा प्रस्ताव स्वीकारायचा, भिवंडीचे गोदाम घ्यायचे, पण अपेक्षेहून लहान, आणि तेथे मुलाने बसायचे. अण्णांनी वागळे इस्टेटमध्येच जवळच्या रस्त्यावर भाड्याचा छोटा गाळा घेऊन जुनी गिऱ्हाइके सांभाळायची आणि सूर्यास्तापूर्वी घरी पोहोचायचे. यात नफा कमी होणार हे सर्वांनाच दिसत होते. मुलाने तो कागदावर मांडूनही दाखविला. अण्णांनी कागद वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि निर्णय बदलला नाही.

रोज जमते असे नाही. डिसेंबर-जानेवारीत ठाण्यात सूर्य सहा-सव्वासहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे पाचला ताटावर बसावे लागते, आणि नेमकी तीच घाईची वेळ. जूनअखेर सूर्यास्त सव्वासातच्या पुढे जातो, तेव्हा सोपे पडते. मार्चअखेरीस तर वर्षाच्या हिशेबांनी पंधरा दिवस सलग चुकतात. अण्णांनी अद्याप नियम घेतलेला नाही. दोनदा मोडलेला नियम तिसऱ्यांदा घेण्यापूर्वी वर्षभर पाळून पाहावा, असे त्यांचे म्हणणे आहे. सध्या आठवड्यातून चार दिवस जमते, कधी पाच.

जानेवारीत ते काकूंना घेऊन दातांच्या डॉक्टरांकडे गेले. तीन खेपा झाल्या. तिन्ही वेळा अण्णा बाहेरच्या बाकावर बसून होते आणि गाळा तेवढा वेळ नोकराच्या हवाली होता. आता काकू दोन्ही बाजूंनी जेवतात. कडक भाकरी मात्र अजूनही थोडी भिजवून खातात, कारण ती तशीच चांगली लागते, असे त्यांचे मत झाले आहे. अण्णाही हल्ली तशीच खातात.

पाचपाखाडीच्या त्या घरात संध्याकाळी काकू मांडणीवरून दोन ताटे काढतात. ज्या दिवशी अण्णांना उशीर होतो, त्या दिवशी दुसरे ताट न वापरता परत ठेवावे लागते. ते तसे ठेवण्याआधी काकू ते फडक्याने पुसतात. उगाच धुवायला भांडे होते, असे आता त्या घरात कोणी म्हणत नाही.